नमस्कारव्रती राजा : श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधी

गेल्या हिवाळ्यात आमच्या प्रशालेची सहल गोव्याहून कोल्हापूर-साताऱ्याकडे गेली होती. परतीच्या वाटेवर एका सकाळी आम्ही मुलांना घेऊन औंधच्या यमाईच्या डोंगरावर निघालो. मुले केव्हाच वळणाआड दिसेनाशी झाली. आम्ही मात्र, वय अवघे छत्तीस असूनही, अर्ध्या वाटेवरच एका दगडावर टेकून धापा टाकीत बसलो होतो. इतक्यात सत्तरी उलटलेली एक आजीबाई, हातात नारळाची पिशवी घेऊन, आमच्याकडे एक दयार्द्र दृष्टिक्षेप टाकून संथ पावलांनी वर निघून गेली. ती एक शब्दही बोलली नाही. पण शिक्षकाने मुलांना शिकवावे त्याहून अधिक तिने आम्हांला त्या घटकेत शिकविले.

डोंगराच्या कुशीत श्रीभवानी चित्रसंग्रहालय आहे. राजा रविवर्म्याची चित्रे, धुरंधरांची चित्रे आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराने दगडात घडविलेली माता व बालक ही मूर्ती त्या आडगावच्या डोंगरावर पाहून मुले चकित झाली. हे सारे कोणी जमविले, असा प्रश्न साहजिकच निघाला. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी, असे आम्ही सांगितले. संग्रहालय १९३८ साली उभे राहिले, हेही सांगितले. तेव्हा आठवीतल्या एका मुलीने हिशेब करून विचारले की, राजेसाहेब जर १८६८ साली जन्मले, तर त्या वेळी ते सत्तर वर्षांचे नव्हते काय? आणि सत्तराव्या वर्षी मनुष्याला इतका उत्साह कोठून येतो?

प्रश्न मोठा मार्मिक होता. त्या दिवशी आम्ही त्याचे उत्तर थोडक्यात आटोपले. परंतु घरी परतल्यावर तो प्रश्न आमचा पिच्छा सोडीना. म्हणून या वार्षिक अंकाच्या निमित्ताने बाळासाहेबांचे चरित्र, विशेषतः त्यांच्या शरीरसाधनेचे चरित्र, आम्ही विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवीत आहोत.

आरंभीच एक चमत्कारिक योगायोग नमूद करतो. १८६७ च्या एप्रिल महिन्यात युरोपात, त्या वेळच्या प्रशियाच्या राज्यात, एक बालक जन्मले. पुढे यूजेन सँडो या नावाने तो जगातील बलवंतांचा शिरोमणी म्हणून गाजला. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला आपल्या शेजारच्या सावंतवाडी संस्थानातील कोलगाव येथे श्रीपाद दामोदर सातवळेकर जन्मले. हेच पुढे वेदमूर्ती पंडित सातवळेकर झाले. आणि १८६८ च्या २४ ऑक्टोबरला औंधच्या राजघराण्यात भवानराव जन्मले. पुरत्या दोन वर्षांच्या आत जन्मलेले हे तिघे. तिघांनीही शरीर कसण्याचा पुरस्कार केला, आणि तिघांचाही एकमेकांशी या ना त्या प्रकारे संबंध आला. मात्र तिघांच्या आयुष्याची लांबी किती भिन्न झाली, हे वाचकांना यथाक्रम कळेलच. या लेखाचे सारे मर्म त्या भिन्नतेत आहे, एवढे येथे सुचवून ठेवतो.

प्रतिनिधी हे पद मराठ्यांच्या राज्यात छत्रपती राजाराम महाराजांच्या काळी निर्माण झाले, आणि पुढे ते परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात वंशपरंपरेने चालले. त्या घराण्याकडे राहिलेले औंध संस्थान आकाराने लहान होते. सुमारे पाचशे चौरस मैलांचा तो मुलूख, बहात्तर गावे, आणि तीही एकसलग नव्हेत, तर सातारा जिल्ह्यापासून विजापूरकडच्या भागापर्यंत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली. पाऊस कमी, जमीन माळरानाची. अशा संस्थानाच्या राजपुत्राला ऐषआराम करावयाचा झाल्यास आडकाठी नव्हती. पण भवानरावांचा पिंड निराळा होता. ते विद्यापीठाची बी. ए. पदवी मिळविण्याइतके शिकले. चित्रकलेचा त्यांना लहानपणापासून नाद होता, आणि कीर्तनाचाही. पुढे राजे झाल्यावरही ते स्वतः कीर्तनाला उभे राहत.

तारुण्यात त्यांना व्यायामाची गोडी लागली ती सँडोमुळे. त्या काळी सँडोचे नाव हिंदुस्थानातील शहराशहरांत पोहोचले होते. शाळा-कॉलेजांतील तरुण त्याची छायाचित्रे भिंतीवर लावीत आणि स्प्रिंगांचे डंबेल्स मागवीत. भवानरावांनीही १८९७ च्या सुमारास सँडोची पुस्तके व उपकरणे आणविली आणि सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. दहा वर्षे हा थोडा काळ नव्हे. चार दिवस हौस करून डंबेल्स माळ्यावर टाकणाऱ्यांपैकी ते नव्हते, हे यावरून दिसते.

असे असताना चाळिशीच्या उंबरठ्यावर, १९०८ च्या सुमारास, त्यांनी ती पद्धत सोडली. मिरजेचे अधिपती श्रीमंत गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धन यांनी त्यांना सूर्यनमस्कारांचा मार्ग सुचविला. सूर्यनमस्कार काही नवे नव्हते. महाराष्ट्रात समर्थ रामदासांच्या नावाशी त्यांची परंपरा जोडली जाते. घरोघरी, विशेषतः रविवारी, व्रत म्हणून नमस्कार घालणारी मंडळी होतीच. परंतु व्रत म्हणून जे घडत होते, ते शास्त्रशुद्ध व्यायाम म्हणून बसविण्याचे, त्याचे टप्पे ठरविण्याचे आणि ते सर्वसामान्यांपर्यंत नेण्याचे श्रेय बऱ्याच अंशी औंधच्या या राजाकडे जाते.

त्यांची पद्धती दहा टप्प्यांची होती. प्रथम हात जोडून ताठ उभे राहावयाचे. मग गुडघे न वाकविता ओणवून तळहात जमिनीवर टेकावयाचे. एक पाय मागे, मग दुसराही मागे, आणि त्यानंतर साष्टांग, म्हणजे कपाळ, छाती, दोन तळवे, दोन गुडघे व दोन पाऊले भूमीला लागली पाहिजेत. तेथून छाती वर उचलून मागे पाहावयाचे आणि त्याच मार्गाने उलट येत पुन्हा उभे राहावयाचे. प्रत्येक हालचालीला श्वासाचा ताल, आणि प्रत्येक नमस्काराला मित्र, रवी, सूर्य, भानू अशा नावांपैकी एकाचा उच्चार. पाठीचा कणा पुढे व मागे दोन्हीकडे वाकतो, पोटावर दाब येतो व सुटतो, मांड्या-पोटऱ्या ताणल्या जातात, दंड शरीराचा भार पेलतात, आणि वेग वाढविला म्हणजे छातीही भात्याप्रमाणे चालू लागते. ताकद, लवचीकपणा व दम या तिन्ही गोष्टी एकाच क्रियेत साधतात, हे या व्यायामाचे वैशिष्ट्य होय.

शिवाय त्याला लागते काय? माणूस उताणा पडेल एवढी जागा आणि सकाळचा थोडा वेळ. डंबेल्स राजाला परवडतात. माळरानावरच्या शेतकऱ्याच्या मुलाला परवडत नाहीत. आपल्या प्रजेला जे देता येणार नाही ते स्वतःपुरते ठेवण्यात भवानरावांना रस नसावा, असे त्यांच्या पुढील वागणुकीवरून आम्हांला वाटते. १९०९ मध्ये ते गादीवर आले, आणि पुढे संस्थानातील शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सक्तीचे केले. वाड्यात राणीसाहेब आणि मुले-मुली यांनाही नमस्कार चुकलेले नव्हते. स्त्रियांनी व्यायाम करणे ज्या काळी पुष्कळांना विचित्र वाटे, त्या काळी औंधच्या राणीसाहेब नमस्कार घालीत होत्या, ही गोष्ट आमच्या विद्यार्थिनींनी ध्यानात ठेवावी.

१९२८ च्या सुमारास राजेसाहेबांनी सूर्यनमस्कारांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्या विषयावर चित्रपटही काढविला. पुढे ते विलायतेस गेले असता लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांची गाठ घेतली. सत्तरीकडे झुकलेल्या या गृहस्थाची चपळ काया पाहून त्या इतक्या प्रभावित झाल्या की, त्यांच्या संपादनाखाली १९३८ मध्ये लंडनमध्ये राजेसाहेबांचे इंग्रजी पुस्तक निघाले. आरोग्याचा दशपदी मार्ग अशा अर्थाचे त्याचे नाव होते. एके काळी सँडोची पुस्तके विलायतेहून मागविणाऱ्या माणसाचे पुस्तक आता विलायतेतील लोक विकत घेऊ लागले!

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. आपल्या व्यायामावर मनुष्याचे प्रेम बसले म्हणजे त्याला त्यात सर्व रोगांचे औषध दिसू लागते. राजेसाहेबांच्या लेखनातही नमस्कारांच्या गुणांचे असे काही दावे आहेत, की आजच्या वैद्यकशास्त्राच्या कसोटीवर ते सगळे टिकणार नाहीत. मंत्रोच्चाराने अमुक इंद्रियाचा अमुक विकार जातो, असे आज कोणी डॉक्टर म्हणणार नाही. तद्वतच सक्तीविषयीही आमच्या मनात थोडी शंका आहे. शाळेत शिट्टीच्या तालावर घातलेले नमस्कार शाळा सुटली की सुटतात, हे आम्ही आमच्याच वर्गांत पाहिले आहे, आणि सर्वांत अधिक आमच्या स्वतःच्या ठायी पाहिले आहे. चरित्रनायकाविषयी आदर बाळगणे म्हणजे त्याचे प्रत्येक मत मस्तकी धरणे नव्हे.

परंतु मते बाजूला ठेवून आपण त्यांच्या आयुष्याचे वेळापत्रकच पाहू. नमस्कारांना प्रारंभ केला तेव्हा ते चाळिशीत होते. आपल्याकडे चाळिशी म्हणजे चष्मा, आणि चाळिशीनंतर म्हणजे उतार, अशी समजूत आहे. भवानरावांचे जे कार्य आज आपण स्मरतो, ते बहुतेक सारे या तथाकथित उतारावर झालेले आहे.

१९१० साली, गादीवर येऊन पुरते वर्षही झाले नव्हते तेव्हा, बेळगावचे उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना नगरपालिकेच्या योजनेमुळे आपला लोखंडी नांगरांचा कारखाना हलवावा लागला. राजेसाहेबांनी त्यांना कुंडल स्थानकाजवळ आपल्या संस्थानात जागा दिली. निवडुंगाने व सर्पांनी भरलेल्या त्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली. १९१८ मध्ये, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी एक लाख रुपये देण्याचे वचन दिले. एवढ्याशा संस्थानाच्या मानाने ही रक्कम केवढी! त्या ग्रंथासाठी चित्रांची जबाबदारीही त्यांनी घेतली. साठीच्या आगेमागे त्यांनी वेरूळ व अजिंठा येथील लेण्यांवर ग्रंथ लिहिले. १९३५ साली, सदुसष्टाव्या वर्षात असताना, इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट विशेष आपुलकीची वाटेल.

आणि सत्तराव्या वर्षी त्यांनी जे केले, ते तर हिंदुस्थानातील राजेरजवाड्यांच्या इतिहासात अपूर्व होते. वय वाढते तसा मनुष्य आपल्या हातातील गोष्टी अधिक घट्ट धरू लागतो, असा सामान्य अनुभव आहे. घराच्या किल्ल्या, पेटीतील कागदपत्रे, चार लोकांतील मान, यांपैकी काहीही सुटत नाही. भवानरावांनी मात्र १९३८ मध्ये आपले राज्यच प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले. मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलिश इंजिनिअर, जे भारतानंद या नावाने ओळखले जात, आणि राजेसाहेबांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत हे दोघे यात पुढे होते. ते सेवाग्रामला महात्मा गांधींकडे गेले, आणि गांधीजींच्या मार्गदर्शनाने औंधची राज्यघटना तयार झाली. १९३९ च्या जानेवारीत ती अमलात आली. गावच्या पंचायतीपासून वरपर्यंत सत्ता लोकांकडे गेली. राजा सेवक झाला. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची मुक्त वसाहत सुरू झाली. भिंतीवाचून व बेड्यांवाचून कैद्यांना माणूस म्हणून वागविण्याचा तो प्रयोग होता. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा दो आँखें बारह हाथ हा चित्रपट या प्रयोगावरूनच सुचला.

ही सर्व कामे नमस्कारांमुळे झाली असे म्हणण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. राज्य सोडण्याला लागणारे मन व्यायामाने येत नाही. पण त्या मनाला सत्तराव्या वर्षी गावोगाव फिरणारे, सभेत तासन्‌तास बसणारे, रात्री कीर्तनाला उभे राहणारे शरीर लागते. ते नसेल तर चांगले मन आरामखुर्चीत पडून नुसते हळहळत राहते. आमच्या घरची एक गोष्ट येथे सांगण्यास हरकत नसावी. आमचे वडील तरुणपणी पावसाळ्यातही नदी पोहून जात. नोकरीतून निवृत्त झाले त्या दिवशी, आता पुष्कळ श्रम झाले, असे म्हणून ते सोप्यावर बसले, ते बसलेच. त्यांना कोणताही मोठा आजार झाला नाही. तीन वर्षांनी गावच्या जत्रेला निघाले, तेव्हा देवळाच्या पायऱ्या त्यांना चढवेनात. खालून नमस्कार करून ते परतले, आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. पोहणे येत असूनही वृद्धपण माणसाला कोरड्या जमिनीवर कसे बुडविते, हे आम्ही त्या दिवशी पाहिले.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. जे राज्य राजाने नऊ वर्षांपूर्वीच लोकांना दिले होते, ते आता मोठ्या लोकराज्यात मिसळले. त्यानंतर तीन वर्षांनी, १३ एप्रिल १९५१ रोजी, भवानराव निवर्तले. त्या वेळी त्यांचे वय ब्याऐंशी वर्षांचे होते.

आता आरंभी सांगितलेल्या योगायोगाकडे वळू. सँडो, ज्याच्या दंडांची छायाचित्रे साऱ्या जगाने पाहिली, तो १९२५ साली अवघ्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मृत्यू पावला. भवानराव ब्याऐंशी वर्षे जगले. आणि सातवळेकर? ते मूळचे चित्रकार. हैदराबादेत त्यांनी चित्रकार म्हणून नाव मिळविले. पुढे वेदांच्या व्यासंगात शिरले, वेदविषयक लेखनापायी त्यांनी तुरुंगवासही भोगला. अखेर १९१८ च्या सुमारास ते औंधला आले. चित्रकार राजा आणि चित्रकार पंडित यांची मैत्री जमली. औंधला त्यांनी स्वाध्याय मंडळ स्थापन केले, वेदांच्या शुद्ध संहिता छापल्या, आणि आसने व सूर्यनमस्कार यांचा पुरस्कार लेखणीने व आचरणाने केला. संस्थान विलीन होण्याच्या सुमारास, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांनी आपला सारा संसार व ग्रंथसंभार उचलून गुजरातेत पारडी येथे नव्याने मांडला. ऐंशीव्या वर्षी लोक घर बदलण्यासही धजत नाहीत. यांनी छापखान्यासह संस्था बदलली! १९६८ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, आणि त्याच वर्षी ३१ जुलैला, शंभर वर्षे व दहा महिने पुरी करून, त्यांनी देह ठेवला.

अठ्ठावन्न, ब्याऐंशी आणि शंभर! तिघेही व्यायामाचे उपासक. मग व्यायामाने आयुष्य वाढते हे खरे की खोटे? मुलांनी असे प्रश्न निर्भयपणे विचारावे, आणि शिक्षकांनी त्यांना खरे उत्तर द्यावे.

खरे उत्तर असे की, एका माणसाच्या आयुष्यावरून हा निर्णय होत नाही. त्यासाठी हजारोंचे आयुष्य मोजावे लागते. आणि तशी मोजमापे झालेली आहेत. १९५३ साली जेरी मॉरिस या इंग्रज डॉक्टरने व त्याच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो, असे त्यांना आढळले. गाडी तीच, रस्ताही तोच. मुख्य फरक पायांचा. त्यानंतर निरनिराळ्या देशांत पुष्कळ अभ्यास झाले आणि त्यांचा कौल एकच आहे. अंगाला नियमित हालचाल असणारे लोक, समूह म्हणून पाहिल्यास, अधिक जगतात. फिनलंडमधील जुन्या नामांकित खेळाडूंच्या अभ्यासात आणखी एक बोधप्रद गोष्ट दिसली. लांब पल्ल्याचे धावपटू व बर्फावरून दूर अंतर तोडणारे, म्हणजे दमाचे खेळाडू, हे वजन उचलणाऱ्या व तत्सम ताकदीच्या खेळाडूंपेक्षा सरासरीने अधिक जगले.

व्यक्तीला मात्र शास्त्र हमी देत नाही. आनुवंशिकता, अपघात, रोगांच्या साथी, अन्न, व्यसने, दैव, सारे काही मध्ये येते. छत्री घेतली म्हणून मनुष्य मुळीच भिजत नाही असे नव्हे; पण आपल्या कोकणातल्या पावसात छत्रीवाचून निघणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही.

दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची. उशीर झाला म्हणून लाभ होत नाही, ही समजूत खोटी आहे. १९९० साली अमेरिकेतील बोस्टन येथे वृद्धाश्रमात राहणाऱ्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांच्या ताकदीचा व्यायाम देण्यात आला. त्यांचे सरासरी वय नव्वद होते. दोन महिन्यांत त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून अधिक झाली! नव्वदीतील स्नायूही हाकेला ओ देतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना आज प्रौढांना आठवड्यास निदान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, आणि पासष्टीपुढील मंडळींनी तोल व ताकद वाढविणारा व्यायाम आठवड्यातून निदान तीन दिवस करावा असे सुचविते. वय वाढले म्हणून व्यायाम कमी सांगितलेला नाही. उलट पडण्याचे भय वाढते म्हणून त्यात तोलाची भर घातली आहे. भवानरावांचा नमस्कार पाहिला तर ताकद, तोल आणि दम या तिन्ही गोष्टी त्यात आहेतच. मात्र ज्यांना हृदयाचा, रक्तदाबाचा किंवा सांध्यांचा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय एकदम नमस्कारांना लागू नये. त्यांच्यासाठी चालणे हाही उत्तम नमस्कार आहे.

आता त्या आठवीतल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देतो. सत्तराव्या वर्षीचा उत्साह सत्तराव्या वर्षी येत नाही. तो चाळिसाव्या वर्षापासून रोज सकाळी थोडा थोडा साठवावा लागतो. राजाच्या खजिन्यातील पैसा महाभारतासाठी गेला, जमीन कारखान्यासाठी गेली, आणि राज्य लोकांकडे गेले. हे सर्व देता देता ज्याच्या जोरावर तो उभा राहिला, ते शरीर मात्र त्याने रोजच्या रोज स्वतः कमावले होते. त्याचे दान करता येत नाही आणि वारसाही ठेवता येत नाही. त्याच्या मुलांनाही आपापले नमस्कार स्वतःच घालावे लागले.

आयुष्य किती लांब, हे बहुतांशी आपल्या हाती नाही. सँडोच्याही हाती नव्हते. परंतु मिळालेल्या वर्षांतली किती वर्षे स्वतःच्या पायांवर उभे राहून काढावयाची, हे पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे. शतायुषी व्हावे ही प्रार्थना खुशाल करावी. पण देवळाच्या पायऱ्या चढून वर जाऊन करता यावी, एवढी तरतूद आधी करावी.

औंधहून परतल्यापासून आम्ही पहाटे उठू लागलो आहोत. पहिल्या दिवशी पाच नमस्कारांत आमची पुरेवाट झाली; आज ही अक्षरे लिहिताना संख्या चोविसावर आली आहे. वडील सोप्यावरून पाहत असतात. गेल्या आठवड्यात ते काही न बोलता उठले आणि अंगणात तुळशीवृंदावनाभोवती काठी टेकीत तीन प्रदक्षिणा घालून पुन्हा बसले. दुसऱ्या दिवशी पाच झाल्या. जत्रेला अद्याप चार महिने आहेत. देवळाच्या पायऱ्या एकूण बेचाळीस आहेत, हे आम्ही त्यांच्या नकळत मोजून ठेवले आहे.